शह आणि सतरंजी

आमच्या कोडमध्ये एका फंक्शनच्या डोक्यावर एक इंग्रजी टिप्पणी बरीच वर्षं बसून आहे : ‘इस्तंबूल इग्नोअर नेक्स्ट’. मागच्या वर्षी नव्यानेच रुजू झालेल्या एका मुलीने ती वाचली आणि मला विचारलं, “सर, इस्तंबूलने काय घोडं मारलंय?” प्रश्न गमतीचा होता, पण मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना मी थेट बुद्धिबळाच्या पटावर जाऊन पोचलो. म्हणून हा लेख.

आधी टिप्पणीचा अर्थ सांगतो. प्रोग्रॅम तपासायला आपण टेस्ट लिहितो. त्या चालल्या तेव्हा मूळ कोडच्या शंभरातल्या किती ओळींवरून गेल्या, हा आकडा म्हणजे कव्हरेज. हा आकडा ठरलेल्या किमानाखाली गेला की एक छोटा पहारेकरी प्रोग्रॅम बिल्ड लाल करतो आणि तुमचा बदल मुख्य शाखेत जाऊ देत नाही. जावास्क्रिप्टच्या जगात ही मोजणी करणाऱ्या सगळ्यांत माहितीच्या अवजाराचं नाव ‘इस्तंबूल’. ‘पुढचं मोजू नकोस’ असं त्याला सांगायचं, तर वरची टिप्पणी लिहायची.

२०१२ च्या सुमाराला याहू कंपनीतून हे अवजार बाहेर पडलं. नाव असं का, याचा खुलासा त्याच्या माहितीपत्रातच आहे, आणि तो जवळजवळ थट्टेचा आहे. चांगली नावं आधीच संपली होती. मग कव्हरेजवरून कार्पेट एरिया, कार्पेटवरून उत्तम गालिचे विणणारा देश, अशी कल्पनांची साखळी जुळवत गाडी इस्तंबूलला थांबली.

माझं बोट ‘कार्पेट एरिया’वर अडकलं. पुण्यात किंवा ठाण्यात ज्याने एकदा तरी फ्लॅट बघितलाय, त्याला हे दोन शब्द ऐकून बिल्डरच्या ऑफिसातला एसी आठवतो. इंग्रजीत ‘कार्पेट’ला झाकण्याशी जोडणारे दुसरेही प्रयोग आहेत. सरसकट बाँबफेकीला ते कार्पेट बाँबिंग म्हणतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरणं ही अमेरिकन घरांची जुनी हौस आहे. नाव यांतल्या कुठल्याही वाटेने आलं असतं. पण दोन्हींमध्ये ‘एरिया’ नाही. ‘कार्पेट एरिया’ ही जोडगोळी घरांच्या व्यवहारात रोज तोंडात असते ती आपल्याकडे. अवजाराच्या कर्त्याचं नाव भारतीय आहे. इस्तंबूलचा रस्ता आपल्या फ्लॅटबाजारातून गेला, असं मी छातीठोक सांगतो. उलट पुरावा कुणी आणला तर चहा माझ्याकडून.

आणि साम्य नुसतं नावापुरतं नाही. रेरा या स्थावर मालमत्तेच्या २०१६ च्या कायद्यातली कार्पेट एरियाची व्याख्या काढून बघा. बाहेरच्या भिंती वगळा, सर्व्हिस शाफ्ट वगळा, स्वतंत्र बाल्कनी आणि खुली गच्ची वगळा, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरा. ‘इस्तंबूल इग्नोअर नेक्स्ट’ म्हणजे हीच वगळायची यादी, फक्त इथे बिल्डर आणि मोजणीदार एकच असतो. बाल्कनी कोणती हे आपणच ठरवतो. सरकारी मराठीने तर या शब्दाचा गालिचाही काढून घेतला आणि साधी चटई अंथरली : चटई क्षेत्र. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत बांधकाम किती हे सांगणारा चटई क्षेत्र निर्देशांक, हाही एक भागाकारच आहे, आणि त्यालाही मर्यादा घातलेली असते. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत ती बेटावरच्या शहराला १.३३ आणि उपनगरांना १ होती. तिथे मर्यादेच्या वर जायला बंदी, इथे खाली.

गालिचा झाला. आता आज्ञेचा दुसरा अर्धा भाग बघू. इस्तंबूलला किमान आकडा तपासायला सांगायचा हुकूम आहे ‘चेक-कव्हरेज’. कव्हरचं मूळ लॅटिनमध्ये, त्यात वाद नाही, मजाही नाही. मजा ‘चेक’मध्ये आहे.

‘चेक’ बुद्धिबळातून आला. फारसीत राजा म्हणजे शाह. राजावर हल्ला झाला की पुकारायचं ‘शाह!’ हाच पुकार अरबी आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत पोचला तेव्हा ‘चेक’ झाला होता. आपल्याकडे तो कमी झिजला आणि ‘शह’ राहिला. म्हणजे आपण शह देतो आणि इंग्रज चेक देतो, तेव्हा दोघेही एकच शब्द बोलत असतो. शब्द पटावरून खाली उतरला तेव्हा त्याचा पहिला अर्थ होता थांबवणं, रोखणं. ताडून बघणं, तपासणं हा अर्थ पुष्कळ नंतरचा. आमच्याकडे काही मंडळींची तक्रार असते की चेकने नुसतं तपासावं, अडवू नये. शब्दाच्या वंशावळीत अडवणं थोरलं आहे आणि तपासणं धाकटं. वादात हा मुद्दा मी तीनदा वापरला आणि तीनदा हरलो, तो भाग वेगळा.

पण थांबवण्यातून तपासणं आलं कसं? सरळ उत्तर असं की थांबवल्याशिवाय तपासता येत नाही. मला दुसरी वाट जास्त आवडते. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा हिशेब एका टेबलावर होत असे. साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, आणि वर रेघांच्या चौकटी आखलेलं काळं कापड. ते पटासारखं दिसे म्हणून खजिन्याच्या कचेरीचंच नाव पडलं एक्सचेकर. परगण्याचा शेरीफ पैसे घेऊन यायचा. कापडाच्या चौकटींत एका ओळीत त्याचं देणं मांडत, खालच्या ओळीत त्याने भरलेलं, आणि वरून खालचं वजा करत. कमी किती पडलं ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसे, आणि हिशेब मिटल्याशिवाय शेरीफ मोकळा होत नसे. बँकेच्या चेकचं ब्रिटिश स्पेलिंग या कचेरीच्या नावाकडे झुकलेलं आहे, हे कोशकारही मानतात. तपासणीचा अर्थही याच कापडावर पिकला, हे मात्र माझं म्हणणं. कोशकार एवढं पुढे जात नाहीत.

आता गालिचा आणि शह ही दोन्ही टोकं बांधतो. आपल्याकडे गालिच्याच्या जागी कार्यक्रमाला जमिनीवर अंथरतात ती सतरंजी. लोक सांगतात, सात रंगांची म्हणून सतरंजी. मला ते पटत नाही. सात रंगांपासून ‘सतरंगी’ होतं आणि तो शब्द आपल्याकडे वेगळा नांदतोच आहे. मग ग चा ज कुणी केला? फारसीत शतरंजी म्हणजे शतरंजच्या पटासारख्या चौकटींचं कापड, आणि शतरंज म्हणजे आपलंच चतुरंग बाहेर फिरून परत आलेलं. अडचण एकच : माझ्या घरातल्या तिन्ही सतरंज्यांवर पट्टे आहेत, चौकटी नाहीत. विणकराला चौकटींपेक्षा पट्टे सोपे पडतात, असं म्हणून मी ती बाजूला सारतो.

तर ‘इस्तंबूल चेक-कव्हरेज’ या हुकमात एक गालिचा आहे आणि एक शह आहे, आणि दोघांचं माहेर एकाच पटावर. नाव ठेवणाऱ्याच्या ते स्वप्नातही नसणार.

बाकीचा इतिहास सगळीकडे मिळतो, म्हणून भराभर. टेस्टने कोड किती व्यापलं हे पद्धतशीर बघण्याची कल्पना मिलर आणि मॅलोनी यांच्या १९६३ च्या निबंधात सापडते. फ्लॅटवाल्यांचा महाराष्ट्रातला मोफा कायदाही त्याच सालचा. निव्वळ योगायोग, पण लिहिल्याशिवाय राहवेना. १९९२ च्या डीओ-१७८बी या विमान-मानकाने सर्वांत जोखमीच्या सॉफ्टवेअरसाठी प्रत्येक अटीचा स्वतंत्र परिणाम दाखवायला लावला. पण तिथे अडवणारी माणसं होती. अडवायचं काम यंत्राकडे ठळकपणे गेलं ते सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या व्यवस्थेत. तिथलं एपेक्स भाषेतलं कोड निदान ७५ टक्के कव्हर झाल्याशिवाय प्रॉडक्शनवर चढतच नाही. कारणही घरमालकाचं आहे. हजारो ग्राहक एकाच इमारतीत भाडेकरू, आणि नवी आवृत्ती आणण्याआधी मालक भाडेकरूंच्याच टेस्ट जुन्या-नव्या दोन्हींवर चालवून बघतो. टेस्ट नसतील तर तो काय चालवणार?

भाडेकरूंनी मग तोडही काढली. एक बिनकामाचं फंक्शन, आत एकाखाली एक ‘आय++’ अशा शेकडो ओळी. ते एकदा बोलावलं की शेकडो ओळी कव्हर. काम शून्य, टक्के भरपूर. बिल्डरच्या सुपर बिल्ट-अपची आठवण येते.

आणि आता ८०. आमच्या पहारेकऱ्याच्या फाटकावर हाच आकडा लिहिलेला आहे, आणि सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या अवजाराचं तयार फाटकही नव्या कोडला ८० मागतं. हा आकडा कुठला? सत्तर-ऐंशीची शिफारस जुनीच आहे. पण लोकांच्या तोंडी तो बसवला टेस्टिंगवर लिहिणाऱ्या अल्बर्टो सावोयाच्या २००७ च्या एका बोधकथेने, असा माझा होरा आहे. गुरूला तिघे जण एकच प्रश्न विचारतात, कव्हरेज किती ठेवू? नवख्याला गुरू सांगतो, आकडा विसर, चांगल्या टेस्ट लिही. अनुभवी माणसाला उकळत्या पाण्याचं भांडं दाखवून उलट विचारतो, यात तांदळाचे किती दाणे टाकू? तिसऱ्याला मात्र टेबलावर मूठ आपटून सांगतो, ८० टक्के, कमी नाही! का, तर तिसऱ्याला सोपंच उत्तर हवं असतं आणि तेही तो पाळत नाही. ८० हा तिथे टोमणा होता. टोमण्याचं फाटक झालं. आमच्याकडची आजी शितावरून भाताची परीक्षा करते. कव्हरेजवाला शंभरातली ८० शितं दाबून बघतो आणि भात शिजलाय का ते तरीही सांगत नाही.

हे फाटक कधीकधी चांगल्या माणसालाही शह देतं. आमचं एक मोड्यूल होतं ५०० ओळींचं. त्यातल्या ४०० कव्हर, म्हणजे बरोबर ८०. मी बसून त्यातल्या दोनदा लिहिलेल्या ५० ओळी काढल्या. सगळ्या कव्हर झालेल्या होत्या. उरल्या ४५० आणि त्यांत कव्हर ३५०, म्हणजे ७७.७८. कोड सुधारलं, कचरा गेला, आणि बिल्ड लाल. कव्हर न झालेल्या १०० ओळींना कुणी हातही लावला नव्हता. फक्त खालचा छेद लहान झाल्याने त्या मोठ्या दिसायला लागल्या. शुक्रवारी संध्याकाळी दहा ओळी कव्हर करणाऱ्या टेस्ट लिहून मी ३६० वर आलो, ४५० चे ऐंशी टक्के, आणि घरी गेलो. त्या टेस्ट काय तपासतात हे मला आज विचारू नका.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं, शाहपासून सतरंजीपर्यंत. चहा गार झाला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, मग ती ओळ काढू का?”

म्हटलं, काढ. तिने काढली. त्या फंक्शनच्या बारा ओळी मोजणीत आल्या, ८०.१ चे ७९.६ झाले, बिल्ड लाल. तिने माझ्याकडे बघितलं, मी घड्याळाकडे. इस्तंबूल पुन्हा जागेवर गेलं.