मोरोबादादांच्या वाड्यातला वर्ग

बुधवार पेठेत मोरोबादादांच्या वाड्याची दिंडी ओलांडून तू आत येतोस. साल १८८१. अंगात बाराबंदी, काखेत पुस्तकं, पोटात मॅट्रिकची धास्ती. न्यू इंग्लिश स्कूल निघून जेमतेम वर्ष झालंय. सरकारी शाळा सोडून इथे कशाला, असं घरी विचारलं की तू एकच सांगतोस: इथे विष्णुशास्त्री चिपळूणकर आहेत.

शास्त्रीबुवा अवघ्या तिशीचे. रत्नागिरीची सरकारी नोकरी सोडून आलेले. त्यांची ‘निबंधमाला’ तू चोरून, दिव्याची वात मोठी करून वाचली आहेस. मराठीत इतकं ठणकावून, इतक्या डौलात भांडता येतं हे तुला तिथे पहिल्यांदा कळलं. आता तोच माणूस समोर उभा राहून इंग्रजी उतारा सोडवतोय आणि तू टाक कागदावरून उचलायचं विसरून ऐकतोयस. कागदावर शाईचा ठिपका पसरतो. वाळू टाकेपर्यंत ‘जॉन्सन’ या नावातला अर्धा भाग त्यात बुडालेला.

टिळक गणित आणि संस्कृत शिकवतात. एम. ए. होऊन आगरकर नुकतेच येऊन मिळालेत. जानेवारीत ‘केसरी’ निघाला, त्यासाठी खिळ्यांच्या पेट्या टिळक-आगरकरांनी स्वतःच्या खांद्यावरून या वाड्यात वाहून आणल्या. शिकवणारा माणूस आणि लिहिणारा माणूस एकच, हे तुला रोज दिसतं. साहित्याच्या वर्गाला याहून मोठी श्रीमंती नसते, असं मला मनापासून वाटतं.

पण डोळे उघडे ठेव. वर्गात एकही मुलगी नाही. हुजूरपागेची मुलींची शाळा निघायला १८८४ उजाडावं लागेल. आणि ज्या ‘निबंधमाले’ने तुला भाषा दिली, तिनेच जोतीराव फुल्यांची टवाळी केली. ती पानं आज वाचताना मान खाली जाते.

तुझ्या शाळेत हरी नारायण आपटे नावाचा मुलगा आहे. सतरा वर्षांचा, वाचनाचा पिसाट. त्याच्यावर नजर ठेव.

१७ मार्च १८८२. शास्त्रीबुवा गेले. बत्तिसावं वर्षही पुरं झालं नाही. हरीने ‘शिष्यजनविलाप’ हे काव्य लिहिलंय, तू ते हातात घेतोस. शिक्षकासाठी रडायला त्याने शिक्षकाकडूनच शिकलेली भाषा वापरली.

जुलैत आणखी एक धक्का. कोल्हापूर प्रकरणावर ‘केसरी’त लिहिल्यावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात. १०१ दिवस. शाळा चालू राहते, पण वर्गात तुझं लक्ष लागत नाही. तिकडे कोठडीत आगरकर शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ मराठीत आणतायत. पुढच्या वर्षी ते ‘विकारविलसित’ नावाने छापून येतं. तू कोरी पानं कापतोस तेव्हा ऊर भरून येतो. गुरूचं पुस्तक, तेही तुरुंगातलं!

हरीचाही ऊर भरून आला असेल. तरीही त्याने त्या भाषांतराची चिकित्सा करणारा लांबलचक लेख ‘निबंधचंद्रिके’त लिहिला. मूळ नाटकाशी ताडून पाहिलं, जिथे खटकलं तिथे तसं सांगितलं. जेमतेम विशीतल्या शिष्याने, आदर्श मानलेल्या गुरूच्या पुस्तकावर. तू तो अंक वाचून अस्वस्थ होतोस. हा उद्धटपणा म्हणावा का? मला विचारशील तर वर्गात जे शिकवलं गेलं ते खरोखर शिकल्याची ही पावती होती. ज्यांना नुसत्या माना डोलवणारे शिष्य हवे असतात त्यांनी साहित्य शिकवायला घेऊ नये.

आणि गंमत पुढे आहे. १८९०. तू आता कुठल्याशा कचेरीत कारकून. हरीच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने येऊ लागते. यमू नावाची बाई स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगतेय. पुढे वैधव्य, आणि मग तिच्या मनाविरुद्ध झालेलं केशवपन. आपल्या ‘सुधारक’ पत्रातून आगरकर ज्या चालीवर तुटून पडत होते, तीच ही चाल. भाषांतरात गुरूची चूक काढणारा हरी गुरूचा विचार मात्र घराघरांत पोचवतोय. शास्त्रीबुवांना तो विचार रुचला नसता. पण मराठीला अशी घरगुती, जिवंत कादंबरी पेलते हा विश्वास त्यांचाच.

तू अंक घडी न घालता बायकोपुढे ठेवतोस आणि म्हणतोस, “हे आधी तू वाच.”