पाच डॉलरचा हिशेब

फुगाझीच्या कार्यक्रमाचं तिकीट पाच डॉलर असायचं. १९८८ मध्ये छोट्या हॉलमध्ये मूठभर लोकांपुढे वाजवताना पाच डॉलर, आणि पुढे काही हजार माणसं मावतील अशा हॉलमध्ये वाजवतानाही शक्यतो पाचच. शेवटच्या काही वर्षांत क्वचित एक-दोन डॉलर वाढले असतील, तेवढंच.

या अमेरिकन बँडबद्दल कुठेही वाचा, हा आकडा येतोच. बहुतेक वेळा तो साधूच्या कमंडलूसारखा येतो. बघा, कसे निर्मोही लोक होते! मला हे कधीच पटलेलं नाही. कॉलेजात असताना मित्रांच्या बँडचा कार्यक्रम असला की मी दारावर टेबल टाकून बसायचो. गल्ला मोजायचा, त्यातून हॉलचं भाडं द्यायचं, साउंडवाल्याला द्यायचं आणि जे उरेल त्यात पाच जणांचा वडापाव बसवायचा. त्यामुळे ‘पाच डॉलर’ वाचलं की मला त्यांचा त्याग आधी दिसत नाही. मला प्रश्न पडतो की यांनी भागवलं कसं? तेही पंधरा वर्षं, हजाराहून जास्त कार्यक्रमांत, मॅनेजर न ठेवता आणि एकही टी-शर्ट न विकता.

त्यासाठी १९८० पर्यंत मागे जावं लागतं. वॉशिंग्टन डीसी ही अमेरिकेची राजधानी, पण गाण्यांच्या धंद्यात तिला काही किंमत नव्हती. रेकॉर्ड कंपन्या न्यूयॉर्कला किंवा लॉस एंजेलिसला. शाळकरी पोरांच्या पंक बँडला शोधत डीसीला कोण येणार? ‘टीन आयडल्स’ नावाचा असाच एक बँड होता. बास वाजवायचा इयन मकाय, वय अठरा. वर्षभराच्या कार्यक्रमांतून मिळालेला प्रत्येक डॉलर त्यांनी वाटून न घेता डब्यात साठवला होता. बँड फुटला तेव्हा डब्यात सहाशेच्या आसपास डॉलर होते. आता पैसे वाटून घ्यायचे, की जो बँड उरलाच नाही त्याची रेकॉर्ड काढायची? त्यांनी रेकॉर्ड काढली.

कव्हर छापून, कापून, चिकटवून देणारा छापखाना परवडणारा नव्हता. मग त्यांनी एका इंग्लिश बँडच्या रेकॉर्डचं कव्हर उसवलं, सपाट केलं, कागदावर त्याची बाह्यरेषा काढली आणि तशी कव्हरं छापून घेऊन घरी बसून कात्रीने कापली, दुमडली, गोंदाने चिकटवली. डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही कंपनी अशी सुरू झाली. मकाय आणि त्याचा मित्र जेफ नेल्सन यांनी पुढे ती चालवली, आणि आज पंचेचाळीस वर्षांनंतरही ती चालू आहे.

या कंपनीचे काही नियम तेव्हाच ठरले. कुठल्याही बँडशी करारनामा नाही, सगळं तोंडी. बँड डीसी परिसरातलेच. आणि मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे रेकॉर्डच्या पाठीवर किंमत छापायची, टपालखर्च धरून. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी एमआरपीच म्हणा ना. दुकानदाराने जास्त लावले तर पोरांनी सरळ पत्र पाठवून कंपनीकडून मागवावी.

टीन आयडल्सची आणखी एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण ती पुढे लागणार आहे. १९८० मध्ये ते कॅलिफोर्नियाला गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने त्यांना वयाने लहान म्हणून अडवलं नाही. हातावर मोठी काळी फुली मारली आणि आत सोडलं. फुली दिसली की बारवर दारू मिळणार नाही. पोरांनी ही युक्ती डीसीला आणली. त्यातून काय काय झालं ते वेगळंच प्रकरण आहे. मकायच्या पुढच्या बँडने, मायनर थ्रेटने, ‘स्ट्रेट एज’ नावाचं शेहेचाळीस सेकंदांचं गाणं केलं आणि दारू-सिगारेट न घेणाऱ्या पोरांची त्यावर जगभर एक चळवळ उभी राहिली. मला चळवळ काढायची नव्हती, हे मकाय तेव्हापासून सांगत आला आहे. पण फुलीतली धंद्याची गोम महत्त्वाची आहे. क्लबवाला तिकिटावर जगत नाही, तो बारवर जगतो. म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला आत घेण्यात त्याला रस नसतो.

मायनर थ्रेट १९८३ मध्ये संपला. डीसीच्या कार्यक्रमांत तोवर हाणामारी फार वाढली होती. १९८५ च्या उन्हाळ्यापर्यंत काही जणांनी ठरवून नवे बँड काढले, वेगळं वाजवायला सुरुवात केली. त्यातल्या ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’मध्ये गाय पिचोटो गायचा आणि ब्रेंडन कँटी ड्रम वाजवायचा. मकायने जो लॅली नावाच्या बासवादकाला घेऊन नवं काही जुळवायला घेतलं, कँटी आला, आणि ३ सप्टेंबर १९८७ला डीसीच्या विल्सन सेंटरमध्ये फुगाझीचा पहिला कार्यक्रम झाला. पिचोटो थोड्याच दिवसांत आला. आधी तो नुसता गायचा, गिटार नंतर हातात घेतली. फुगाझी हे नाव व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या बोलीतलं. अर्थ साधारण असा की सगळा विचका झाला, घात झाला, आता प्रेतं पिशवीत भरायची.

संगीताबद्दल थोडं तरी बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख एखाद्या सहकारी पतपेढीचा अहवाल होईल. ‘वेटिंग रूम’ ऐका. सुरुवातीला एकटा लॅलीचा बास, रेगेसारखा डुलणारा. गिटार येते, ड्रम येतात, आता उसळणार असं वाटतं, आणि चौघंही थांबतात. पूर्ण शांतता. मग पुन्हा सुरू. त्या थांबण्यात हा बँड आहे असं मला वाटतं. आधीच्या पंकला थांबणं ठाऊक नव्हतं, नुसतं धावणं ठाऊक होतं. या चौघांनी स्टेजवर कधी गाण्यांची यादीही ठेवली नाही. कोण काय सुरू करतो ते ऐकून बाकीच्यांनी यायचं. रोज सराव केल्याशिवाय हे जमत नाही.

आता हिशेब.

बहुतेक बँड आधी खर्च मांडतात आणि त्यावरून तिकीट ठरवतात. फुगाझीने आधी तिकीट ठरवलं आणि खर्च त्यात बसेपर्यंत छाटला. मॅनेजर नाही, म्हणजे त्याचा टक्का वाचला. दौऱ्याचं बुकिंग मकाय स्वतः फोनवर करायचा. एका व्हॅनमध्ये माणसं आणि सामान. रात्री हॉटेलऐवजी ओळखीच्यांच्या घरी जमिनीवर पथारी. रेकॉर्डिंग डॉन झिएंटाराच्या ‘इनर इअर’ स्टुडिओत, जो तेव्हा त्याच्या घराच्या तळघरात होता. सराव डिस्कॉर्डच्या भाड्याच्या घराच्या तळघरात. रेकॉर्ड आपल्याच कंपनीची, त्यामुळे विक्रीतला मोठा वाटा आपल्याकडेच.

दुसरी अट, कुठल्याही वयाच्या माणसाला आत सोडायचं. इथे क्लबवाल्यांशी घासाघीस व्हायची. तिकीट स्वस्त आणि अर्धा हॉल दारू न पिणाऱ्या पोरांचा, मग क्लबने करायचं काय? जिथे जमलं नाही तिथे चर्चचं तळघर, शाळेची जिम, माजी सैनिकांचा हॉल. डीसीत तर त्यांचे कार्यक्रम बहुतेक कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या मदतीसाठी किंवा फुकटच असायचे. फोर्ट रेनोच्या बागेत संध्याकाळी, लॉर्टनच्या तुरुंगात कैद्यांपुढे, आणि १२ जानेवारी १९९१ला, आखाती युद्ध तोंडावर आलेलं असताना, व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कात कडाक्याच्या थंडीत.

टी-शर्ट मात्र नाहीच. ‘रिपीटर’ या १९९० च्या अल्बममध्ये ‘मर्चंडाइज’ नावाचं गाणंच आहे, त्यामुळे पळवाट उरली नव्हती. मग बाहेरच्या कुणीतरी ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नाही’ असं छापलेले टी-शर्ट काढले आणि ते धडाक्यात खपले! बाजार तो बाजारच.

आणि गर्दी. पुढे उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर उड्या मारणं, कोपर मारत गोल फिरणं, हा त्या काळच्या अशा कार्यक्रमांचा रिवाज झाला होता. त्यात लहान पोरं आणि मुली चेपल्या जायच्या. फुगाझी गाणं मध्येच थांबवून दांडगाई करणाऱ्याला माइकवरून, अगदी ‘सर’ म्हणून, समजावायचे. ऐकलं नाही तर बाहेर, आणि सोबत पाच डॉलर पाकिटात घालून परत. जेम कोहेनच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ या १९९९ च्या माहितीपटात पिचोटो एका धटिंगणाला सगळ्यांसमोर सांगतो की तू कितीही आव आण, मगाशी मी तुला बाहेर लहान मुलासारखं आइसक्रीम खाताना पाहिलंय. हॉल हसतो. काहींना ही मास्तरकी वाटायची. माझ्या मते स्वस्त तिकिटाइतकाच हाही हिशेबाचा भाग होता. दार सगळ्यांना उघडं म्हणायचं आणि आतली जागा मात्र दांडग्यांची, तर मग दार उघडून काय मिळवलं?

सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि खेळ बदलला. त्यांचा ड्रमर डेव्ह ग्रोल डीसीच्याच मुशीतला, डिस्कॉर्डवर रेकॉर्ड काढणाऱ्या ‘स्क्रीम’मधला. मोठ्या कंपन्या आता चेकबुक घेऊन या शहरात फिरू लागल्या. ‘जॉबॉक्स’ अटलांटिककडे गेला, ‘शडर टु थिंक’ एपिककडे. दोन्ही बँड त्याच दशकात फुटले. त्याचं खापर फक्त कंपन्यांवर फोडणं सोपं आहे, पण बँड काय, असेही फुटतातच.

फुगाझीसाठीही लोक आले. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये अटलांटिकचे सहसंस्थापक अहमेत एर्तेगुन स्वतः त्यांना भेटायला आले, आणि मागाल ते देतो अशी तयारी दाखवली, असं सांगतात. ‘लोलापालूझा’ या मोठ्या फिरत्या महोत्सवाचं बोलावणंही त्यांनी नाकारलं, तिकीट महाग म्हणून. त्याच वर्षी आलेला ‘इन ऑन द किल टेकर’ बिलबोर्डच्या दोनशेंच्या यादीत गेला. या अल्बमसाठी ते आधी शिकागोला स्टीव्ह अल्बिनीकडे गेले होते. काम करताना मजा आली, घरी येऊन ऐकलं तर मन भरेना. सगळं बाजूला ठेवून इनर इअरमध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं. कंपनीने ठरवून दिलेली तारीख डोक्यावर असती तर हे जमलं असतं का, हा विचार मी बऱ्याचदा करतो.

पण हे चित्र इथेच सोडलं तर ते अर्धवट राहील. याच शहरात ‘बॅड ब्रेन्स’ नावाचा बँड होता. चौघेही कृष्णवर्णीय, आणि त्यांच्याइतकं वेगाने व नेमकं तेव्हा कुणीच वाजवत नव्हतं. मकायच्या पिढीने वेग त्यांच्याकडून शिकला, आणि ते तसं मोकळेपणाने सांगतातही. डीसीच्या क्लबांची दारं त्यांना बंद होत गेली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच ते न्यूयॉर्कला निघून गेले. डीसी तेव्हा कृष्णवर्णीय बहुसंख्येचं शहर होतं, पण डिस्कॉर्डची पोरं बहुतांशी गोरी होती. मकायचे वडील वॉशिंग्टन पोस्टमध्ये पत्रकार होते. मोठ्या कंपनीला ‘नको’ म्हणायला पायाखाली काहीतरी लागतं. स्वस्त भाड्याचं घर, पडल्यावर झेलणारे आईबाप, अडवल्यावर ऐकून घेणारा क्लबवाला. फुगाझीचं श्रेय यामुळे कमी होत नाही. पण माझ्या ओळखीतला एखादा गिटारिस्ट ‘आपणही फुगाझीसारखं करू’ म्हणतो, तेव्हा मी त्याला आधी घरभाडं विचारतो. आज गाणं ऐकवून जवळपास काही मिळत नाही आणि लहान बँड टी-शर्ट विकूनच पेट्रोल भरतात. त्यांनाही टी-शर्ट विकू नका म्हणणं मला क्रूर वाटतं.

शिवाय हा हिशेब चौघांच्या कमी खर्चात जगण्यावर उभा होता. चाळिशीकडे झुकताना माणसांना मुलं होतात, आईबाप म्हातारे होतात, महिनोन् महिने व्हॅनमध्ये काढता येत नाहीत. २००१ मध्ये ‘द आर्ग्युमेंट’ आला. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत चांगला अल्बम आहे. त्यात दुसरा ड्रमर आहे, चेलो आहे आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मोकळी जागा आहे. पुढच्या वर्षी, ४ नोव्हेंबर २००२ला, लंडनच्या फोरममध्ये त्यांनी कार्यक्रम केला आणि थांबले. फुटलो असं त्यांनी कधीच जाहीर केलं नाही. तेव्हापासून पुन्हा एकत्र या म्हणून लोक मागे लागले आहेत, आणि ते आलेले नाहीत. लॅली आणि कँटी ‘मेसथेटिक्स’मध्ये एकत्र वाजवतात. लॅली आणि मकाय यांनी ‘कोरिकी’ काढला. चौघं आजही मित्र आहेत.

त्यांचा साउंडवाला सुरुवातीपासून बहुतेक कार्यक्रम टेप करत आला होता. आधी कॅसेट, मग डॅट, मग सीडी. अशी आठशेहून जास्त रेकॉर्डिंग्ज डिस्कॉर्डच्या तळघरात पडून होती. डिसेंबर २०११ पासून त्यांनी ती वेबसाइटवर चढवायला घेतली. तारा जुळवणं, मधल्या गप्पा, पुढच्यांना मागे सरका म्हणून केलेल्या विनवण्या, सगळं तसंच ठेवून. किंमत ऐकणाऱ्याने ठरवायची, एक डॉलरपासून शंभर डॉलरपर्यंत. काहीच न ठरवणाऱ्यासाठी तिथे एक आकडा सुचवलेला होता, पाच.