पिवळ्या दिव्यातली दुधी नळी

सोडियम व्हेपरच्या पिवळ्या दिव्याचा बाहेरून दिसतो तो काचेचा फुगा. उजेड तयार होतो तो आतल्या बोटाएवढ्या दुधी नळीत, आणि ही नळी काचेची नसते. माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे स्फटिक, त्याच अ‍ॅल्युमिनाची बारीक पूड दाबून, न वितळवता भट्टीत भाजून ती एकजीव केलेली असते.

सोडियमचे दिवे तसे जुने. नेदरलँड्समध्ये १९३२ सालीच ते रस्त्यावर लागले होते. पण आतला दाब कमी असल्याने त्यांचा उजेड एकाच पिवळ्या रंगाचा पडे आणि त्याखाली लाल-हिरवे ओळखू येत नसे. दाब वाढवला तर उजेडात इतर रंगही उतरतात, हे ठाऊक होते. अडचण भांड्याची होती, कारण तापलेली सोडियमची वाफ काच आणि क्वार्ट्‌झ दोन्ही खाऊन टाकते. अ‍ॅल्युमिना तिला दाद देत नाही, पण भाजलेला अ‍ॅल्युमिना खडूसारखा पांढराफटक निघे.

हा पांढरेपणा छिद्रांचा होता. पुडीच्या कणांमधल्या फटी भाजताना मिटत जातात, तरी शेवटची काही टक्के जागा सूक्ष्म छिद्रांच्या रूपाने उरतेच आणि उजेड तिथे विखुरतो. अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत जोसेफ बर्क यांचा गट ही छिद्रे का उरतात याच्या मागे लागला होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून डॉक्टरेट घेऊन रॉबर्ट कोबल १९५५ साली तिथे रुजू झाले.

त्यांच्यापुढचे कोडे असे. तापलेल्या पदार्थात स्फटिककण वाढतात, ते एकमेकांच्या जिवावर. साबणाच्या फेसात लहान बुडबुडे आक्रसून मोठे फुगतात, तसेच इथे. कणांमधली सीमा सरकत राहते. छिद्र त्या सीमेवर असेल, तर सीमेवरून येणारे अणू ते भरून काढतात. पण अधूनमधून एखादा कण शेजाऱ्यांना गिळत भराभर वाढतो, त्याची सीमा छिद्रांना मागे टाकून पुढे निघून जाते आणि छिद्रे कणाच्या पोटात अडकतात. तिथवर अणूंना पोहोचायला फार वेळ लागतो. मग भट्टी कितीही तास पेटती ठेवा, छिद्रे हलत नाहीत.

कोबल यांनी पुडीत मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळला. प्रमाण फक्त पाव टक्क्याच्या आसपास. त्याने कणसीमांची धाव मंदावली, कोणताच कण बेफाम वाढेना आणि छिद्रे शेवटपर्यंत सीमेवर राहून मिटली. भट्टीतला वायूही महत्त्वाचा ठरला. हवेतला नायट्रोजन छिद्रात कोंडून राहतो. हायड्रोजन मात्र अ‍ॅल्युमिनातून वाट काढतो. शुद्ध पुडीने जे साधले नाही, ते चिमूटभर भेसळीने साधले.

कोबल यांचे शोधनिबंध १९६१ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी पेटंट मिळाले. हा पदार्थ काचेसारखा आरपार दिसणारा नाही. अ‍ॅल्युमिनाचा स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी उजेड वेगवेगळा वळवतो, त्यामुळे प्रत्येक कणसीमेवर किरण जरासा भरकटतो. पण दिव्याला त्याचे काय? उजेड बाहेर पडला की झाले. नळीची टोके नायोबियम धातूने बंद केली, कारण तो तापल्यावर अ‍ॅल्युमिनाइतकाच प्रसरण पावतो. १९६०च्या दशकाच्या मध्यावर हे दिवे बाजारात आले. साधा बल्ब वॅटमागे पंधराएक ल्युमेन देई. हे शंभरच्या घरात गेले.

मॅग्नेशिया नेमके काय करतो, यावर मात्र संशोधक पुढची कित्येक वर्षे भांडत राहिले. भट्टीवाल्यांनी त्या निकालाची वाट पाहिली नाही.

आता एलईडीने हे दिवे उतरवले. २०१५ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले, तेव्हा ‘राणीच्या हारा’चा सोनेरी रंग गेला म्हणून ओरड झाली. नळीमागची विद्या मात्र दिव्याबरोबर मोडीत निघालेली नाही. वाकडे दात सरळ करताना चिकटवतात त्या दातांच्या रंगात मिसळून जाणाऱ्या सिरॅमिकच्या ब्रॅकेटमध्ये अनेकदा हाच दुधी अ‍ॅल्युमिना असतो. छिद्रे सीमेवर राखा, कणांना आवर घाला, हा स्केनेक्टडीचा धडा तिथेही लागू आहे.