नांदूर मध्यमेश्वर (जीवाश्मस्थळ)
नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचे स्थळ. नाशिक रोडच्या पूर्वेस. आज ते पक्षी अभयारण्य आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून ओळखले जाते. जीवाश्मांची ओळख मात्र त्याहून जुनी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये गोदावरीच्या गाळथरांतील पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस या सरळसुळ्या हत्तीच्या अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा हत्ती प्लाइस्टोसीन काळातील असून नर्मदेच्या खोऱ्यातही सापडतो. गाळथरांखालचा बेसाल्ट खडक लाव्ह्याचा असल्याने त्यात हाडे मिळण्याची आशा फारशी नसते. ती मिळतात नदीने वर साचवलेल्या वाळू-गोट्यांच्या आणि चिकणमातीच्या थरांत. उत्खननाची वेळ पावसाळा ठरवतो : पुराने दरड कोसळली की नवे हाड उघडे पडते आणि वेळेत न काढल्यास पुढच्या पुरात वाहून जाते. ठिसूळ हाड जागीच घट्ट करून, प्लास्टरच्या वेष्टनात उचलावे लागते. कोणत्या थरातून निघाले याची नोंद नसलेले हाड अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. याच गोदावरीकाठी, नाशिकजवळच्या गंगापूर येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनी पुराश्मयुगीन दगडी हत्यारे अभ्यासली (१९५२).