शुश्रूषा करणाऱ्यांचा शीण : खानदेशच्या नकाशावरून 🧵

१/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मुंबई इलाख्यात वेड्यांची इस्पितळे (हा त्या काळचाच शब्द) शोधली, तर कुलाबा, पुणे, अहमदाबाद, धारवाड, रत्नागिरी ही नावे सापडतात. खानदेश रिकामा दिसतो. मनोरुग्णांची सेवा करणारी माणसे का थकतात, याचे बरेचसे उत्तर या रिकाम्या जागेत आहे.

२/ १८५८ च्या ३६ व्या कायद्याची रीत अशी होती: भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसाने दंडाधिकाऱ्यासमोर आणावे, डॉक्टरने तपासावे आणि मग इस्पितळात रवानगी व्हावी. जळगाव व धुळे तेव्हा एकाच खानदेश जिल्ह्यात होते. मुख्यालय धुळे. (पूर्व व पश्चिम अशी विभागणी १९०६ ची.) येथील रुग्णासाठी ठाणे काय, पुणे काय, वाट तीनशे-चारशे किलोमीटरांची.

३/ जे घरी राहिले, त्यांचा भार आई, बहीण, पत्नी यांच्यावर पडला. जे इस्पितळात पोहोचले, त्यांचा भार मूठभर सेवकांवर. इमारती कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या असल्याने शुश्रूषेपेक्षा पहाराच अधिक होता.

४/ १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने हा हिशेब आकड्यांत मांडला. सुमारे ४० कोटी लोकसंख्येसाठी मनोरुग्णालयांत जेमतेम १०,००० खाटा, म्हणजे ४०,००० माणसांमागे एक. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण ३०० माणसांमागे एक होते. प्रशिक्षित मनुष्यबळाची चणचण तर त्याहून तीव्र.

५/ मार्ग कोणता? १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहू दिले. कुटुंब उपचारात सहभागी झाले, रुग्ण लवकर घरी परतू लागले. सेवकांच्या खांद्यावरचे ओझेही वाटले गेले.

६/ हेच सूत्र पुढे धोरणात उतरले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, त्यानंतर कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग झाला आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनाही मनोविकारांचे प्रशिक्षण मिळू लागले.

७/ येथे एक भेद लक्षात घ्यावा. भार वाटणे वेगळे आणि भार ढकलणे वेगळे. लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत सारे सांभाळणाऱ्या आरोग्यसेविकेच्या वहीत प्रशिक्षण, वेळ वा मोबदला न देता आणखी एक रकाना वाढवला, तर थकवा कमी होत नाही. तो फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो.

८/ या थकव्याला ‘बर्नआउट’ हे नाव न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ च्या लेखामुळे रूढ झाले. मोफत दवाखान्यातील तळमळीचे कार्यकर्तेच आधी कोमेजतात, हे त्यांनी पाहिले होते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या परिस्थितीतून उद्भवणारी अवस्था मानले. म्हणजे दोष माणसाच्या मनोबलात नाही, कामाच्या मांडणीत आहे.

९/ आता खानदेशचा हिशेब. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव व धुळे मिळून सुमारे ६३ लाख लोक. लाखामागे ३ मनोविकारतज्ज्ञ हे नेहमी सांगितले जाणारे मान धरले, तर येथे सुमारे १९० हवेत. लाखामागे सुमारे ०.७५ या देशाच्या सरासरीने ४७ येतात. म्हणजे सरासरी गाठली, तरी चौघांचे काम एकाच्या अंगावर.

१०/ धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून आहे, जळगावात ते २०१८ मध्ये आले. नकाशा आता पूर्वीइतका रिकामा नाही. त्याच वर्षी २९ मे रोजी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ लागू झाला. त्याचे कलम ३१ सांगते: लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय मानापर्यंत नेण्याचा प्रयत्न सरकारने दहा वर्षांत करावा.

११/ ही मुदत मे २०२८ मध्ये संपते. थकलेल्या सेवकाला सुट्टी, समुपदेशन, योगवर्ग हे सारे जरूर द्यावे. पण दीडशे वर्षांचा हा इतिहास सांगतो की त्याला खरा विसावा मिळतो तो शेजारी दुसरा सेवक उभा राहिल्यावरच.