तेलाचा हिशेब आणि पाण्याचा

अरबस्तानाचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणते, देवाने त्यांना पाणी दिले नाही म्हणून तेल दिले. ऐकायला बरे वाटते, पण ते इतिहासाला धरून नाही. अरबी द्वीपकल्पाच्या पोटात पाणी होते आणि चांगले भरपूर होते. शिवाय तिथे तेलाचा माग लागला तो बऱ्याच अंशी पाणी शोधणाऱ्या माणसांमुळे. तेलाने या प्रदेशाची तहान भागवली की वाढवली, यावर बराच वाद घालता येईल. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो हिशेबात झालेला बदल. तेलापूर्वीच्या वाळवंटात पाणी वेळेच्या मापाने काटेकोर मोजले जाई. तेल आल्यावर त्याचा टन न् टन मोजला जाऊ लागला, आणि त्याच दोन-तीन पिढ्यांत पाणी मोजायची सवय सुटली.

आधीचा हिशेब कसा होता ते ओमानमध्ये आजही बघायला मिळते. तिथले फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे भूजल गावापर्यंत आणणारे कालवे. कित्येक फलज सुरुवातीचा बराचसा पल्ला जमिनीखालच्या बोगद्यातून काटतात. उतार इतका बेताचा ठेवलेला असतो की पाणी आपसूक वाहते, पण कालव्याचा तळ उकरत नाही. उपसा करणारे यंत्र मध्ये कुठेच नसल्यामुळे डोंगर देईल त्यापेक्षा जास्त पाणी कोणाला घेताच येत नाही. गावात आल्यावर आधी पिण्याचे, मग मशिदीचे, मग खजुराच्या बागांचे आणि शेवटी हंगामी पिकांचे, असा क्रम असतो. दुष्काळ पडला की हंगामी पिकांवर पाणी सोडायचे आणि खजूर जगवायचा. बागांचे वाटे वेळेत ठरतात. अथर म्हणजे साधारण अर्ध्या तासाचे पाणी. मोकळ्या जागेत एक काठी रोवलेली असते, जमिनीवर खुणा केलेल्या असतात, आणि सावली एका खुणेवरून दुसरीवर सरकली की पाटाचे तोंड बदलायचे. रात्री हेच काम ठरावीक ताऱ्यांच्या उगवण्यावर चाले. हे वाटे वारसाने मिळत, विकले जात, भाड्यानेही दिले जात. काही वाटे खुद्द फलजच्याच मालकीचे; त्यांचा लिलाव करून आलेल्या पैशातून गाळ काढणे, भिंती सांधणे ही कामे होत. खानदेशात पांझरेकाठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ओमानात असे हजारो फलज अजून वाहते आहेत, आणि त्यांतले पाच २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले.

हे सगळे फार रम्य करून सांगितले जाते, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. ज्याच्या नावावर वाटा नाही त्याला या व्यवस्थेत पाणी विकत घ्यावे लागे आणि मोठ्या बागाईतदाराचा शब्द भारी पडे. जिथे फलजही नव्हते तिथली अवस्था तर आणखी बिकट. कुवेत शहरासाठी पाणी शत अल-अरब नदीतून शिडाच्या गलबतांवर लाकडी टाक्यांत भरून येई आणि गाढवांवर कातडी पखाली लादून ते दारोदार विकले जाई. वारा पडला की शहराची तहान वाढे आणि पाण्याचा भावही. मोजमाप होते म्हणून न्याय होता, असे म्हणण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच की पाणी संपू शकते ही जाणीव रोजच्या व्यवहारात मुरलेली होती.

आता तेलाकडे. फ्रँक होम्स हा न्यूझीलंडचा खाणकाम अभियंता बहरीनमध्ये तेलाचा परवाना मागत होता, पण तिथला कारभार पाहणाऱ्या शेख हमद यांना हवे होते गोडे पाणी. होम्सने विहिरी पाडून पाणी काढून दिले आणि २ डिसेंबर १९२५ रोजी तेलाच्या शोधाचा परवाना पदरात पाडून घेतला. थोड्याच वर्षांत जपानी संवर्धित मोत्यांनी आखाताच्या मोत्यांची बाजारपेठ बसवली. बहरीनचा मोती मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत जगभर जाई, तो धंदा मोडकळीला आला. अशा पडत्या काळात, १९३२ च्या उन्हाळ्यात, जबल दुखान येथे तेल लागले. शेजारच्या सौदी राज्याची कथा तर जास्तच गमतीची आहे. जागतिक मंदीत हज यात्रेकरू रोडावले आणि राजे अब्दुलअझीझ यांची तिजोरी रिकामी झाली. १९३१ मध्ये चार्ल्स क्रेन हा अमेरिकी धनिक जेद्दाला आला. त्याच्या घराण्याने पैसा कमावला होता तो नळ आणि व्हॉल्व्ह बनवून, त्यामुळे पाण्याच्या शोधाला त्याने मदत करावी हे ओघानेच आले. त्याने कार्ल ट्विचेल या अभियंत्याला पाठवले. ट्विचेलने हिजाझ पालथा घातला आणि जमिनीतून आपोआप उसळणाऱ्या पाण्याची इथे आशा नाही असे सांगितले. मात्र पूर्वेकडच्या अल-हसा प्रांताची पाहणी झाली आणि बोलणी तेलावर आली. २९ मे १९३३ रोजी कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलशी करार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जेद्दातल्या डच बँकेत टेबलावर पस्तीस हजार सोन्याची नाणी एकेक करून मोजण्यात आली, आणि ती मोजायला पाण्याच्या शोधात आलेला ट्विचेलच हजर होता. पुढे तेल निघाल्यावर दर टनामागे चार सुवर्ण शिलिंग स्वामित्वधन ठरले होते. मार्च १९३८ मध्ये दम्माम क्रमांक ७ ही विहीर सुमारे १,४४० मीटरवर वाहती झाली.

याच करारात पुढच्या गोष्टीचे बीज आहे. तेलाला दोन पक्ष होते: काढणारी परदेशी कंपनी आणि मालक राजा. दोघांचे हितसंबंध उलटे, म्हणून मोजणी चोख. खोल वेधनाची तीच यंत्रे, तेच भूशास्त्रज्ञ आणि तेच पंप पाण्याकडे वळले, तेव्हा समोर दुसरा पक्षच उरला नाही. पाणी शेतकऱ्याच्या जमिनीखाली, पंपाला सरकारी मदत, इंधन जवळजवळ फुकट. शिवाय पाऊस इतका तुटपुंजा की हे खोलवरचे पाणी भरून निघणे जवळपास अशक्य. ते हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाळी युगात मुरलेले. म्हणजे तेलासारखेच संपणारे, पण स्वामित्वधन नसलेले. सौदीतल्या अल-खर्जच्या खोल नैसर्गिक डोहांवर १९४० च्या दशकात पंप बसले. ते डोह पुढे कोरडे पडले. अल-हसाचे झरे शतकानुशतके आपल्या दाबाने उसळत होते, तेही विसाव्या शतकाच्या अखेरीस पंपाशिवाय पाणी देईनासे झाले. मग आला गहू. १९८० च्या सुमारास सरकार टनाला ३,५०० रियाल देऊ लागले, जागतिक भावाच्या कितीतरी पट. फिरत्या फवाऱ्यांची हिरवी वर्तुळे वाळवंटभर उमटली आणि १९९२ मध्ये उत्पादन सुमारे ४० लाख टनांवर गेले. देशाच्या गरजेपेक्षा ते इतके जास्त होते की सौदी अरेबिया गहू निर्यात करणाऱ्या आघाडीच्या देशांत गणला जाऊ लागला. वाळवंटातल्या उन्हात एक टन गव्हाला हजार घनमीटरांहून पुष्कळ जास्त पाणी लागते, हे ध्यानात घेतले की बोटीतून गव्हाबरोबर काय परदेशी गेले ते कळते.

याचे समर्थन करणारे म्हणतात की अरब देशांच्या १९७३ च्या तेलबंदीनंतर अमेरिकेत धान्यबंदीची भाषा झाली होती. स्वतःचा गहू पिकवणे ही चैन नव्हती, संरक्षण होते. भीती खरी होती, हे मान्य करावेच लागेल. भटक्या टोळ्यांना शेतीवर स्थिर करण्याचाही हेतू होता. पण अडचणीच्या दिवसांसाठीच धान्य हवे होते तर ते ज्या पाण्यावर पिकणार ते पाणी राखायला हवे होते. साठा उपसून धान्य निर्यात करणे हे संरक्षणाच्या कोणत्याच गणितात बसत नाही. सरकारलाही हे उमगले: २००८ मध्ये गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय झाला आणि २०१६ मध्ये ती बंद पडली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: समुद्र अथांग आहे, तेलाच्या पैशातून त्याचे पाणी गोडे करता येते, मग भूजलाचे रडगाणे कशाला? कुवेतने १९५३ मध्येच मोठा प्रकल्प उभारला आणि गलबतांवरचे अवलंबन संपवले. जुबैलहून राजधानी रियाधपर्यंत साडेचारशेहून जास्त किलोमीटर नळाने पाणी जाते, तेही सहाशे मीटर उंचीवर. (१९७७ मध्ये एका सौदी राजपुत्राने अंटार्क्टिकाचा हिमनग ओढून आणण्याची कल्पना आयोवातल्या परिषदेत मांडली होती, त्यामानाने हे फार शहाणपणाचे.) शहरांची तहान या पाण्याने भागली, यात शंका नाही. पण भूजल पीत होती शेती, आणि शेतीला समुद्राचे महागडे पाणी परवडत नाही. त्यामुळे नवे पाणी आले तरी जुने वाचले नाही. शिवाय समुद्राचे पाणी तेलापासून स्वतंत्र नाही. ते गोडे करायला इंधन जाळावे लागते, आणि जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धात इराकी सैन्याने समुद्रात तेल सोडले तेव्हा जुबैलच्या प्रकल्पाची तोंडे वाचवण्यासाठी समुद्रात तरंगते अडसर टाकावे लागले. त्याच युद्धात कुवेतमधल्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटल्या. तिथल्या रौदतैन भागातले मोजके गोडे भूजल तेलाने आणि आग विझवायला वापरलेल्या खाऱ्या पाण्याने बिघडले.

गहू थांबला, पण गाई होत्या. दुधाच्या मोठ्या गोठ्यांना चारा लागतो आणि लसूणघास गव्हाहूनही जास्त पाणी पितो. म्हणून अल-मराई या दूध कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या व्हिक्सबर्गजवळ सुमारे ९,८०० एकर जमीन विकत घेतली आणि तिथला चारा जहाजाने सौदीत येऊ लागला. तिच्या तिथल्या उपकंपनीने बटलर खोऱ्यातली सरकारी जमीनही भाडेपट्ट्याने घेतली होती. भाडे ठरले होते एकरामागे; उपशावर कसलीही मर्यादा नव्हती. गव्हर्नर केटी हॉब्स यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांतला एक पट्टा रद्द केला आणि बाकीचे मुदत संपल्यावर वाढवणार नाही असे जाहीर केले.