रुप्यावरील मोर्तब

इनाम कमिशनाचा 1852 चा कायदा झाला, तेव्हा मुंबई इलाख्यातील इनामदारांस आपापल्या सनदा पुढे कराव्या लागल्या. ‘वाडवडिलांपासून चालत आले आहे’ एवढ्या बोलण्यावर भागेना. कागद, मिती, शिक्का व मोर्तब ही सर्व पारखली जात. कागदपत्रांच्या बाबतीत ही शिस्त आमच्या अंगवळणी पडली. घरातील जुन्या वस्तूंच्या बाबतीत मात्र आमची भिस्त अद्याप दंतकथेवरच असते. विलायती रुप्याच्या जिनसा हे याचे ठळक उदाहरण होय.

आगगाडी 1854 साली कल्याणास पोहोचली व 1855 साली वासिंदपर्यंत गेली. त्याच वाटेवर, भातसा नदीच्या काठी, खडवली वसलेली आहे. आगगाडीच्या पाठोपाठ विलायती सामानास या भागाची वाट मोकळी झाली. एखाद्या जुन्या घरी विलायती चहादाणी वा चमचा निघाला, की तो ‘अमक्या साहेबाने पणजोबांस दिला’ अशी कथा ऐकू येते. कथा खरी असेलही. परंतु वस्तूची स्वतःची साक्ष प्रथम घ्यावी.

ही साक्ष घेणे फारसे कठीण नाही. इंग्लंडात 1300 सालच्या कायद्यापासून रुपे पारखून त्यावर बिबळ्याच्या मुखाचा ठसा उमटविण्याची चाल पडली. पुढे आणखी ठसे आले. चालता सिंह हा हजारी 925 भाग शुद्ध रुप्याची ग्वाही देतो. बिबळ्याचे मुख लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा आणि मुकुट शेफील्डचा. या दोन शहरांस पारखणीचा अधिकार 1773 साली मिळाला. कारागिराची आद्याक्षरे वेगळी असतात. सर्वांत उपयुक्त ते वर्षाक्षर. लंडनच्या क्रमात वीस अक्षरे असत. ती संपली की अक्षराचे वळण व त्याभोवतीच्या ढालीचा आकार बदले. म्हणून केवळ अक्षर वाचून भागत नाही, त्याचे वळणही पाहावे लागते. मोडी कागदाचा काळ लिपीच्या वळणावरून ठरविणाऱ्यास हे नवे नाही.

याशिवाय 1784 पासून 1890 पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राजाचे वा राणीचे मुख उमटवीत. समजा, एखाद्या भांड्यावरील वर्षाक्षर 1760 चे आहे आणि शेजारी राजमुखही आहे. सनदेत पुढील काळचा शिक्का सापडावा तसाच हा प्रकार. त्यावर विश्वास ठेवता येत नाही. अठराव्या शतकात कर चुकविण्यासाठी लहान भांड्यावरील खरे ठसे कापून मोठ्या भांड्यास डाखीत असत. अशा जागी तोंडाची वाफ सोडली असता डाखाची रेघ उमटते.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी. कलकत्त्याची हॅमिल्टन कंपनी आपल्या मालावर हत्तीसारख्या खुणा इंग्रजी धर्तीने उमटवी. माल उत्तम असे. परंतु येथे त्या काळी सरकारी पारखणी नसल्यामुळे त्या खुणा म्हणजे कारागिराचाच शब्द. ‘ई पी एन एस’ ही अक्षरे आढळली तर तो केवळ रुप्याचा मुलामा समजावा. एल्किंग्टनने 1840 साली विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून असा माल जगभर पसरला. खालच्या जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, जस्त व निकेल असते. रुपे मुळीच नसते.

कोरीव लेखही जपून वाचावा. गव्हर्नर ऑन्जियर याने 1675 साली दिलेला रुप्याचा पेला मुंबईच्या सेंट टॉमस कॅथीड्रलचा ठेवा म्हणून प्रसिद्ध आहे. अशा वस्तूवर दानाचे साल कोरलेले असले, तरी ते घडणीचे साल असेलच असे नाही. दाता कोण हे लेख सांगतो. वस्तू कोठे व केव्हा पारखली गेली हे ठसेच सांगतात.

सराफाची कसोटी धातूचा कस सांगेल, परंतु त्याचा इतिहास सांगणार नाही. म्हणून जुना जिन्नस मोडीत घालण्यापूर्वी किंवा कथेच्या भरवशावर भारी किमतीस घेण्यापूर्वी भिंगाखाली त्याचे ठसे पाहावेत. सणासुदीस राख-चिंचेने भांडी लखलखीत घासण्याची आमच्या घरांतील हौस मोठी. पण वर्षानुवर्षांच्या त्या घासण्याने ठसे झिजून सपाट होतात. रुपे तेवढे उरते, आणि पणजोबांची कथा कदाचित खरी असूनही तिचा एकमेव साक्षीदार मुका होतो.